काचपेटीतला समुद्र आणि गाळणी



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जात आहे : "फर्दापुरात समुद्र आणलात कुठून?" प्रश्न रास्त आहे. येथून अरबी समुद्र गाठायचा तर सरळ रेषेने गेले तरी तीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर पडते, आणि मध्ये सह्याद्री आडवा उभा आहे. तथापि समुद्र या परिसराला अगदीच परका आहे असे मात्र नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाची कथा रंगविलेली आहे. तीत तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे, खवळलेले पाणी आहे, पाण्यात जलचर आहेत. पंधराशे वर्षांपूर्वी कोणा चितारी मंडळींना वाघूर नदीच्या काठी, डोंगराच्या पोटात, समुद्र उभा करावासा वाटला. त्यांनी तो रंगांनी केला. आज हौशी माणसे तो काच, मीठ आणि विजेच्या साहाय्याने करू पाहतात. फरक इतकाच, की भिंतीवरच्या समुद्रातले मासे घाण करीत नाहीत.

आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

मी बोलणार आहे तो साध्या, गोड्या पाण्यातल्या सोनेरी माशांविषयी नव्हे. प्रवाळांच्या काचपेटीविषयी बोलणार आहे. हौशी लोक तिला 'रीफ टँक' म्हणतात. प्रवाळ म्हणजे आपल्या बायका ज्याची माळ घालतात त्या पोवळ्याचे भाऊबंद. दिसतात झाडासारखे किंवा दगडासारखे, पण असतात प्राणी. एकेक प्राणी कित्येक जातींत तांदळाच्या दाण्याएवढाच. पुष्कळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते दिवसा उन्हावर अन्न तयार करते आणि घरमालकाला वाटा देते. रात्र झाली म्हणजे मालक स्वतः इवलेसे हात बाहेर काढतो आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव पकडून खातो. हा दुसरा भाग कृपा करून लक्षात ठेवा. पुढे सगळे भांडण त्यावर आहे.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरी जाऊन कोणी मालवणचे तिकीट काढणार नाही. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून दूर समुद्रात अँग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले, तेथेही आहेत. परंतु भिंत बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या संरक्षित जातींनाही कागदपत्रे आणि नोंदणी लागते. माझ्या पेटीत होते ते मऊ जातीचे, संवर्धनकेंद्रात वाढविलेले प्रवाळ.

आता प्रश्नाकडे येतो. अशा पेटीत यांत्रिक गाळणी लावावी की लावू नये?

यांत्रिक गाळणी म्हणजे काही गूढ यंत्र नव्हे. पाणी पेटीतून वाहत खालच्या टाकीत येते, तेथे तोंडाशी एक दाट विणीची पिशवी बांधलेली असते, पाणी तिच्यातून जाते आणि कचरा मागे राहतो. पिशवीऐवजी कोणी स्पंज लावतात, कोणी पॉलिस्टरचा कापूस. आपल्या घरी चहाची गाळणी जे करते तेच हे.

ती काय करते आणि काय करीत नाही, हे फर्दापूरकरांना समजावून सांगायला मला फार सायास पडणार नाहीत. आपला टी पॉइंट आहे ना, तीच गाळणी. लेण्यांकडे निघालेल्या खासगी मोटारी तेथे अडतात आणि माणसे बसमध्ये बसून पुढे जातात. धूर, धूळ, हॉर्न मागे राहतात. उत्तम व्यवस्था आहे. परंतु माणसांबरोबर त्यांचा श्वास, घाम आणि दमटपणा मात्र लेण्यात जातोच, तो काही टी पॉइंटवर अडत नाही. मोटार म्हणजे कण आणि श्वास म्हणजे विरघळलेले द्रव्य. गाळणी कण अडविते. जे पाण्यात विरघळले त्याला ती दार उघडून देते.

आता माशाने टाकलेली विष्ठा, न खाल्लेले अन्न, कुजलेला शेवाळाचा तुकडा, हे सगळे सुरुवातीला कण असतात आणि हळूहळू विरघळतात. त्यातून अमोनिया होतो. अमोनिया जहाल. जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सोज्वळ, पण साठत जाते. त्याच्या जोडीला फॉस्फेट साठते. आणि प्रवाळ ज्या समुद्रात वाढतात तो समुद्र खतांच्या बाबतीत अगदी दरिद्री असतो. आपल्या शेतात खत पडले तर पीक जोमाने येते, प्रवाळाच्या शेतात खत पडले तर तण जोमाने येते. हिरवे शेवाळ प्रवाळाच्या अंगावर चढते आणि त्याचा उजेड हिरावून घेते. म्हणून गाळणीवाल्यांचे म्हणणे असे, की कण विरघळण्यापूर्वीच उचला. केर सडण्याआधी घराबाहेर काढा. यात खोटे काय आहे? काहीच नाही.

मग दुसरा पक्ष उभा राहतो. तो म्हणतो, तुम्ही ज्याला केर म्हणता तो कोणाचे तरी ताट आहे. या पिशव्यांची छिद्रे बहुधा शंभर किंवा दोनशे मायक्रॉनांची असतात, म्हणजे मिलिमीटराचा दहावा किंवा पाचवा भाग. पाण्यात तरंगणारे कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव पूर्ण वाढले म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरापासून पुढे असतात. ते पिशवीत अडकतात. प्रवाळ रात्री हात पसरून ज्याची वाट पाहतो तो घास आपण दारातच जप्त करतो, आणि मग बाजारातून बाटलीबंद अन्न आणून पेटीत ओततो. तेही पुन्हा पिशवीत जाते!

ही गोष्ट मला शास्त्राच्या पुस्तकाने पटवली नाही. आमच्या शेजारच्या एका जैन काकूंनी पटवली. त्यांच्या माहेरी आड होता. पाणी शेंदले की दुहेरी फडक्यातून गाळायचे, हे आपण सर्वजण जाणतो. मी त्यांना माझी पिशवी कौतुकाने दाखवली आणि म्हणालो, "काकू, तुमचेच तंत्र आहे बरं का हे." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि विचारले, "आणि जीवाणीचं काय करतोस रे?"

"जीवाणी म्हणजे?"

"फडक्यावर जे जीव राहतात ते. गाळलेल्या पाण्याने फडके उलटून धुवायचे आणि ते पाणी पुन्हा आडात सोडायचे. वरून फेकायचे नाही, भांडे पाण्यापर्यंत खाली उतरवून हळूच. ज्या आडाचे जीव त्याच आडात. तू नळाखाली धुतोस वाटतं?"

मी नळाखालीच धूत होतो, तेही क्लोरीनच्या पाण्यात. काकूंनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट अशी, की गाळणे या क्रियेला दोन भाग आहेत. पाण्यातून वस्तू वेगळी करणे हा पहिला, आणि वेगळी केलेली वस्तू कोणाची, ती कोठे जावी, हे ठरविणे हा दुसरा. यंत्र विकणारे पहिला भाग विकतात. दुसरा आपल्या गळ्यात असतो.

शास्त्रही याच्याजवळ येते. २०१३ साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी प्रवाळभिंतीवरच्या स्पंजांविषयी एक शोध प्रसिद्ध केला. हे स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषून घेतात, आणि आपल्या शरीरातल्या झडलेल्या पेशींच्या रूपाने त्याचे कण करून बाहेर टाकतात. ते कण गोगलगायी, खेकडे, किडे खातात. म्हणजे आमच्या डोळ्यांना जो गाळ दिसतो त्यातला काही भाग तेथल्या स्वयंपाकघरात मुद्दाम शिजवलेला असतो. बिचाऱ्या स्पंजाचे हे काम कोणी पाहत नाही, आणि काचपेटीत त्याचेच नाव धारण करणारा बाजारचा स्पंज त्याच्या हातचे अन्न हिसकावून घेतो.

या वादाला बराच जुना इतिहास आहे. त्यातला एक धागा अजिंठ्याशी येऊन भिडतो, म्हणून तो सांगण्याचा मोह मला आवरत नाही. रॉबर्ट गिलने १८४४ पासून येथे राहून लेण्यांतल्या चित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या होत्या, आणि १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत त्या जळाल्या. पुढे पाचसहा वर्षांत त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये एक मोठे सागरी मत्स्यालय उभे राहिले. ते उभारणारा विल्यम आल्फर्ड लॉइड. त्याची युक्ती अशी, की दाखवायच्या टाक्यांच्या कित्येक पटींनी मोठी एक अंधारी टाकी खाली ठेवायची आणि पाणी रात्रंदिवस वरखाली खेळते ठेवायचे. अंधारात शेवाळ माजत नाही आणि खेळत्या पाण्याला हवा मिळते. त्या काळी जिवाणू अमोनियाचे काय करतात हे कोणाला ठाऊक नव्हते, परंतु लॉइडचे काम चालले.

पुढची पायरी जाकार्ताची. तेथे ली चिन एंग नावाचा एक हौशी गृहस्थ होता. त्याने १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लिहिले, की मी गाळणी लावीतच नाही. समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे छिद्राछिद्रांतून किडे, स्पंज, शैवाल, जिवाणू वसलेले प्रवाळखडक, पेटीत ठेवतो आणि हवेचे थोडे बुडबुडे सोडतो. बाकीचे खडक पाहून घेतो. आज आपल्याला त्याचे कारण सांगता येते. खडकाच्या वरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते आणि आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या थरात त्याच नायट्रेटचा नत्रवायू होऊन तो हवेत निघून जातो. पुढे अमेरिकेत वॉल्टर ॲडी या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९८० साली जिवंत प्रवाळभिंतीची पेटी लोकांपुढे ठेवली. तिच्यात पाणी शुद्ध करायला जाळ्यांवर शेवाळ वाढविले होते. ते कापून काढले, की त्याबरोबर खतही बाहेर. आपला जुना शत्रू चाकरीला ठेवावा तशी ही युक्ती. गाळणीला मात्र त्याचा विरोध होता, कारण तरंगते जीव त्यात मरतात.

हे सगळे वाचून मीही एकेकाळी कट्टर गाळणीविरोधी झालो होतो. पण एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. जाकार्ता समुद्रकाठी आहे. आपल्याकडचे तारापोरवाला मत्स्यालय आठवा. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी काचेआडचा समुद्र पहिल्यांदा तेथे पाहिला. ते मरीन ड्राइव्हवर होते, खरा समुद्र रस्त्याच्या पलीकडे. ज्याच्या दाराशी समुद्र आहे त्याने पाणी बिघडले तर बदलावे, त्याला गाळणीविरोध परवडतो.

आपल्या गावी हिशेब काय होतो तो पाहा. दोनशे लिटरांची मध्यम पेटी धरा. आठवड्याला दशांश पाणी बदलायचे म्हणजे वीस लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा सातशे ग्रॅम मीठ. ते स्वयंपाकाचे चालत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे घातलेले खास मीठ विकत आणावे लागते. बोअरच्या पाण्यात तेही विरघळवता येत नाही, आधी ते आरओ यंत्रातून काढावे लागते. घरगुती यंत्र एक लिटर देताना तीन लिटर बाहेर टाकते असे धरले तर वीस लिटरांसाठी ऐंशी लिटर पाणी ओढले गेले. शिवाय वैशाखात दररोज काही लिटर वाफ होऊन जाते, तिची भरपाई वेगळी. पेटी थंड ठेवायला वीज लागते ती आणखी वेगळी. टाकलेले पाणी भांड्यांना, झाडांना वापरता येते हे मान्य. तरी ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शौकाच्या पेटीने आठवड्याला ऐंशी लिटर मागावे की शंभर, ही माझ्या मते खासगी बाब राहत नाही. घरातल्या बाईमाणसाने त्यावर बोट ठेवले तर तिचे चुकत नाही. गाळणी कण वेळीच उचलीत असेल आणि त्यामुळे दशांशाऐवजी विसांश पाणी बदलून भागत असेल, तर ती दहा लिटर खारे पाणी वाचविते. म्हणजे चाळीस लिटर गोडे.

येथे मी पक्ष बदलला, आणि नव्याने बाटलेला माणूस करतो तशी चूक केली. दुकानदाराकडून एक बंद डब्याची गाळणी आणली. डब्यात स्पंज, कापूस, सगळे दाबून भरलेले, झाकण घट्ट, कचरा दिसण्याचा प्रश्नच नाही. पेटी आरशासारखी लखलखू लागली. पाहुणे वाहवा करू लागले. दीड महिना मी डबा उघडला नाही. एवढ्या स्वच्छ पेटीची गाळणी कशाला उघडायची, असा माझा तर्क! मे महिन्यात एके दुपारी वीज गेली ती सहा तासांनी आली. पंप सुरू झाला आणि पहिल्याच धारेबरोबर सडक्या अंड्याचा दर्प खोलीभर पसरला. झाले होते असे, की डब्यात साठलेल्या घाणीवर जगणाऱ्या जिवाणूंनी पाणी थांबताच आतला प्राणवायू संपवला, ते गुदमरले, आणि विनावायू जगणाऱ्यांनी तेथे विषारी वायू तयार केला. वीज आली तशी ती घाण एका दमात पेटीत गेली. कोळंबी आधी मेल्या. संध्याकाळपर्यंत सातांपैकी पाच मासे गेले. प्रवाळ मिटून बसले, त्यांतले निम्मे पुन्हा उघडले नाहीत.

दुकानदाराला मी दोष देत नाही. डबा त्याचा होता, दीड महिना माझा होता.

त्या रात्री मृत मासे काढताना मला जे कळले ते आधी कळायला हवे होते. पिशवीत अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते. ती डोळ्यांआड गेलेली असते इतकेच. पाणी तर तिच्यातूनच वाहत असते, आणि ती तेथे बसून विरघळतच असते, उलट वाहत्या पाण्यामुळे अधिक लवकर. घाण पेटीबाहेर जाते ती माणसाचा हात पिशवी सोडवून बाहेर काढतो तेव्हा. म्हणून 'गाळणी लावावी का?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. विचारतो, 'धुणार कोण? आणि कितव्या दिवशी?' दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुणारा हात घरात असेल तर लावा. तो हात आठवडाभर लग्नाला जाणार असेल, तर जाण्यापूर्वी पिशवी काढून ठेवा, मासे कमी ठेवा, अन्न कमी टाका, आणि खडकांवर विश्वास ठेवा. न धुतलेल्या गाळणीपेक्षा गाळणी नसलेली बरी.

कोणी विचारील, मग फेस काढणारे यंत्र का नको? हौशी लोक त्याला स्किमर म्हणतात. जरूर असावे, मी ते वापरतो. गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचे पाणी घालून वर आलेली मळी काढतात, त्याच जातीचे हे काम आहे. बारीक बुडबुड्यांना विरघळलेली चिकट द्रव्ये धरतात आणि फेसाबरोबर प्याल्यात जमा होतात. तो प्याला पेटीच्या पाण्यापासून वेगळा असतो, हा त्याचा मोठा गुण. पण जड कण त्यात येत नाहीत, ते तळाला बसतात. तेव्हा एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

माझी आताची रीत सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर पडो. बंद डबा मी देऊन टाकला. उघडी पिशवी, दोनशे मायक्रॉनांची, डोळ्यांसमोर लटकलेली. अशा चार पिशव्या आहेत, एक पाण्यात आणि तीन दोरीवर. सकाळी वाळू, खडक ढवळून झाले की पिशवी बांधायची, रात्री दिवा मालवला की सोडवायची, म्हणजे रात्रीचे जीव मोकळे फिरतात आणि प्रवाळांना घास मिळतो. वीज गेली तर पहिले काम पिशवी बाहेर काढण्याचे, मेणबत्ती शोधण्याचे दुसरे. हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ झाले आहे.

आणि पिशवी नळाखाली नेण्यापूर्वी ती पेटीच्याच पाण्याने भरलेल्या तसराळ्यात उलटी करतो. पाच मिनिटे तसेच ठेवतो. जड गाळ खाली बसतो, आणि जे जिवंत आहे ते टिचक्या मारीत वर उजेडाकडे येते. वरचे पाणी वाटीने घ्यायचे, वाटी पेटीच्या पाण्यापर्यंत खाली न्यायची आणि हळूच कलती करायची. मागच्या महिन्यात काकू बघायला आल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी वाटीत पाहिले. म्हणाल्या, "केवढे बारीक आहेत रे. अजून जरा खाली ने वाटी."